सहा पाण्यांची डाळ

धनजपासून डांबरी रस्ता सोडून आत वळलं की चार किलोमीटरवर पळसोडा लागतं. शंभर-सव्वाशे घरं, एक मारुतीचं देऊळ, एक विहार आणि गावाच्या शेवटाला जिल्हा परिषदेची पाचवीपर्यंतची शाळा. शाळेला दोन खोल्या, एक व्हरांडा, आणि व्हरांड्याच्या टोकाला पत्र्याचं स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघरात वच्छला खंडारे बारा वर्षांपासून पोरांची खिचडी शिजवते.

कागदावर तिचं पद 'स्वयंपाकी-मदतनीस' असं आहे, पण गावात तसं कुणी म्हणत नाही. मोठी माणसं वच्छलाबाई म्हणतात, पोरं वच्छलाआजी म्हणतात. वय अठ्ठावन्न, अंगानं काटक. नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली, मुलगा अश्वजित अमरावतीला नोकरीला. तिसरीत तिची शाळा सुटली ती सुटलीच. सही येते, एस.टी.ची पाटी अक्षराला अक्षर लावून वाचता येते, तेवढंच.

पाढे मात्र तिला तीसपर्यंत यायचे. तेही शाळेनं शिकवलेले नव्हते, भिंतीनं शिकवले होते. भिंतीच्या अलीकडे ती तांदूळ निवडायची आणि पलीकडे पोरं घोकायची. बारा वर्षांत पाचही इयत्तांच्या कविता, नद्यांची नावं, जिल्ह्यांची नावं, सगळं तिच्या कानात जाऊन बसलं होतं. एकोणतिसाचा पाढा म्हणत ती पीठ मळायची. त्याचा उपयोग काय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलंही नव्हतं. शाळा म्हणजे घोकणं, आणि घोकण्याचा आवाज थांबला की गुरुजी चहाला गेले, इतकं साधं तिचं गणित होतं.

म्हणून योगिनी मॅडम आल्या आणि पहिल्याच महिन्यात भिंतीपलीकडचा घोकण्याचा आवाज बंद झाला, तेव्हा वच्छलाबाईला वाटलं, ही मॅडम काही शिकवत नाही.

मॅडम मूळ वाशीमच्या. तिशीच्या आतबाहेर. कामरगावला खोली घेऊन राहायच्या आणि रोज स्कूटीवर यायच्या. त्यांच्या वर्गात गोंगाट असायचा. पोरं दोरी घेऊन कडुलिंबाची सावली मोजायची. कधी गावात जाऊन कुणाच्या घरी किती शेळ्या ते लिहून आणायची. दर शनिवारी पोरांची सभा भरायची. सभेला सगळे जमिनीवर गोल बसायचे आणि बोलायचं असेल त्यानं हात वर करायचा. मॅडमलाही बोलायचं असलं तर त्याही हात वर करून थांबायच्या.

एका शनिवारी वच्छलाबाई चुलीवरून भाताचं गंज उतरवून दारात वारा घ्यायला उभी होती. सभेत खेळाचा तास सकाळी घ्यायचा की दुपारी यावर मतं घेणं चाललं होतं. मॅडमचं मत सकाळ, पोरांचं दुपार. हात मोजले. मॅडम हरल्या. वच्छलाबाई वाट पाहत राहिली, आता ह्या डाफरणार. मॅडमनी फळ्यावर 'दुपार' लिहिलं आणि खडू खाली ठेवला, बस. वच्छलाबाई हातात पळी धरून तशीच उभी राहिली. पाचवीच्या पोरांनी मास्तराला हरवावं आणि मास्तरानं ते निमूट मान्य करावं, असं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. चांगलं की वाईट हे तिला कळेना. पण त्या दिवसापासून ती दारातून वर्गाकडे जास्त पाहू लागली.

जानेवारीतली गोष्ट. तुरी निघाल्या होत्या, चुलीला तुराट्या मुबलक होत्या, गॅसची शेगडीही होती. वच्छलाबाई नेहमीप्रमाणे विहाराजवळच्या विहिरीवरून दोन पितळी गुंड भरून पाणी आणून दाराशी टेकत होती. पाचवीतली धम्मदीपा तिथं हात धूत होती. पोरगी लहानखुरी, पण डोळे सतत काहीतरी शोधणारे.

"आजी, हातपंप तं इथंच हाय. तू येवढ्या दुरून पानी काहून आनतं?"

"हातपंपाच्या पान्यात डाय शिजत नाही बाई."

"काहून शिजत नाही?"

"ते पानीच तसं हाय. जड हाय."

"जड म्हंजे? वजनानं?"

वच्छलाबाईनं गुंडावर झाकण ठेवलं. चाळीस वर्षं ती डाळ शिजवत होती. कोणत्या विहिरीचं पाणी डाळीला चालतं, कोणतं कपड्याला, कोणत्यानं केस चिकट होतात, हे तिला पायाखालच्या वाटेसारखं ठाऊक होतं. पण जड म्हणजे काय, हे तिला सांगता येईना.

"मले नाही मालूम," ती म्हणाली. "मॅडमले विचार."

धम्मदीपा धावतच वर्गात गेली. वच्छलाबाईनं कान भिंतीला लावला नाही, पण कान आपोआप तिकडे गेला.

मॅडमचा आवाज आला. "पुस्तकात एक शब्द आहे, दुष्फेन पाणी. ज्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ लवकर शिजत नाही असं पाणी. पण आपल्या गावातलं कोणतं पाणी तसं आहे, किती आहे, हे पुस्तकात नाही. मलाही माहीत नाही. गावात हे कुणाला ठाऊक असेल?"

मग पाच-सहा पोरं एकदम म्हणाली, "वच्छलाआजीले."

दोन गोष्टी त्या बाईच्या काळजात एकाच वेळी शिरल्या. एक, शाळेतली मॅडम पोरांसमोर 'मला माहीत नाही' म्हणाली. दुसरी, तिच्यानंतर नाव आपलं घेतलं गेलं.

मॅडम दाराशी आल्या. "मावशी, खिचडी झाल्यावर वर्गात याल का थोडं? पोरांना विचारायचंय."

बारा वर्षांत ती वर्गात झाडायला गेली होती, ताटं वाढायला गेली होती. बसायला पहिल्यांदा गेली. पदराला हात पुसत ती सतरंजीच्या टोकाला टेकली, तर पोरांनी सरकून तिला गोलात घेतलं. तिनं गावातली पाणी एकेक करून सांगितली. देवळामागची विहीर मध्यम. नाल्याकाठची पावसाळ्यात चांगली, उन्हाळ्यात बिघडते. चंदाबाईच्या मळ्यातली बोअर कपड्याला नको. विहाराजवळची डाळीला उत्तम. हातपंप कशालाच नाही, नुसता प्यायला. पोरं लिहून घेत होती. आपण बोलतोय आणि कुणी ते कागदावर उतरवून घेतंय, हे तिला इतकं नवं होतं की दोन-तीनदा ती बोलता बोलता थांबून पेन्सिलींकडेच पाहत राहिली.

"पण आजीचं खरं कशावरून?" सपना म्हणाली. ही चौथीतली, जीभ तिखट. "आपन करून पाहू ना."

मॅडम हसल्या. "कसं करून पाहायचं ते तुम्ही ठरवा."

पोरांनी ठरवलं, सगळ्या विहिरींचं पाणी आणायचं, वेगवेगळ्या गंजात सारखीच डाळ शिजवायची आणि कोणती आधी शिजते ते पाहायचं. पहिल्या दिवशी मैदानात विटा मांडून चुली पेटवल्या. दहा मिनिटांत भांडण लागलं. एका चुलीचा जाळ मोठा, दुसरीचा लहान. मग पाण्याचं काय कळणार? मॅडमना उत्तर दिसत असणार, पण त्या गप्प राहिल्या. वच्छलाबाईच्या तोंडापर्यंत शब्द आला होता. मॅडमनी नुसतं डोळ्यांनी 'थांबा' म्हटलं. अर्धा तास पोरं वाद घालत राहिली. शेवटी धम्मदीपा म्हणाली, "एकाच शेगडीवर रोज एक पानी. जाय तेवढाच ठेवायचा. डाय मोजून. गंजही तेच."

वच्छलाबाईनं मनात म्हटलं, हे सांगायला मला पळभर लागलं असतं. मग तिच्या लक्षात आलं की पळभरात सांगितलं असतं तर पोरीला ते सुचलं नसतं. थांबण्यातही शिकवणं असतं, हे तिला त्या दिवशी मैदानात, विझत्या चुलींच्या धुरात उमगलं.

डाळ शिजली हे सांगायचं कुणी? पोरांनी एकमतानं आजीला नेमलं. ती दाणा चिमटीत धरून दाबायची. आत कणी लागली की नाही म्हणायची, लोण्यासारखा पसरला की हो म्हणायची. ती हो म्हणाली की पोरं भिंतीवरचं घड्याळ पाहायची.

सपनानं आणखी एक अट घातली. "आजीले सांगायचं नाही कोनतं पानी हाय ते. नाही तं ते विहाराच्या पान्याले लवकर हो म्हनन."

वच्छलाबाईला जरा लागलं. "मी कायले खोटं बोलन गं?"

"खोटं नाही आजी," धम्मदीपा म्हणाली. "पन बोटाले आदीच मालूम असलं तं बोट तसंच सांगते."

दहा वर्षांच्या पोरीनं माणसाच्या मनाची खोच इतकी अलगद काढून हातावर ठेवावी! तिनं मान डोलावली. पाण्यांना एक ते सहा आकडे पडले. आकडा कोणत्या विहिरीचा, हे एका बंद पाकिटात गेलं.

सहा पाणी झाली ती अशी: पाच वच्छलाबाईनं सांगितलेली, आणि सहावी गावाच्या वरच्या अंगाची भागवतरावांची विहीर, जी तिनं सांगितलीच नव्हती. ती पोरांनी आपल्या मनानं घातली.

सहा दिवस रोज डाळ शिजली. पहिल्या पाण्याला पंचेचाळीस मिनिटं लागली, दुसऱ्याला तासाच्या वर. तिसऱ्या दिवशी दाणा दाबताच वच्छलाबाई म्हणाली, "हे इहाराचं हाय, मी सांगतो," आणि पोरं तोंडावर हात ठेवून हसली. चौथ्या दिवशी मात्र वेगळंच झालं. अर्धा तासही झाला नव्हता. दाणा चिमटीत धरला तर तो दाबायच्या आतच विरघळला. तिनं दुसरा घेतला, तिसरा घेतला.

"शिजली," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "पन ह्या पान्याची माह्या हाताले ओयख नाही. हे पानी म्या कधी रांधलं नाही."

सहाव्या दिवशी पाकीट फोडलं. सगळ्यात हलकं पाणी चार नंबरचं: भागवतरावांची विहीर. त्याखालोखाल विहाराजवळची. सगळ्यात जड शाळेचा हातपंप.

"आजी, तुले साऱ्या गावचं पानी मालूम हाय," सपनानं विचारलं, "मंग भागवतकाकाच्या विहिरीचं काहून नाही?"

वच्छलाबाईनं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी तिला अडवलंही नाही, खुणावलंही नाही. सांगायचं की नाही ते तिच्यावर सोडलं.

"माही माय सांगे," ती हळू बोलू लागली, "त्या विहिरीवर आमच्या लोकायले दोर टाकू देत नोते. बाया गुंड घेऊन दूर बसत. कोनी आलं, वरून वतलं, तं पानी. नाही तं रिकामं गुंड घरी. मंग आमच्या लोकायनं सोता खनून इहाराजवयची विहीर काढली. माह्या मायनं त्यातली माती डोक्यावर वाहेली हाय. पुढं ते सारं बंद झालं, आता कोनी कोनाले आडवत नाही. पन पाय तिकडं वयलेच नाही. माहे नाही वयले."

पोरं ऐकत होती. त्यात धम्मदीपा होती, तशीच भागवतरावांची पुतणी निकिताही होती. निकितानं विचारलं, "काहून दोर टाकू देत नोते?"

याचं उत्तर डाळीसारखं शिजवून काढता येणारं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "हा प्रश्न डाळीच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे. आपण तो फळ्यावर लिहून ठेवू. घरी जाऊन विचारा, आजोबांना विचारा. पुढच्या शनिवारी बोलू." आणि त्यांनी तो प्रश्न, निकिताच्याच शब्दांत, फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला. वच्छलाबाईला वाटलं, शाळा आतापर्यंत नुसतं उत्तरं सांगायची. ज्याचं उत्तर द्यायला साऱ्या गावाला मान खाली घालावी लागेल असा प्रश्न शाळेच्या फळ्यावर राहू शकतो, हे तिच्या कल्पनेतही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मॅडम, वच्छलाबाई आणि सपनासह तीन पोरी सहा बाटल्या घेऊन वाशीमला निघाल्या. कामरगावहून जीपनं कारंजा, तिथून एस.टी. वाशीमला पाणी तपासायची सरकारी प्रयोगशाळा आहे. तिथल्या बाईंनी काचेच्या उभ्या नळीतून थेंब थेंब औषध सोडलं. खालचं पाणी डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल होतं. थेंब पडत गेले, काही झालं नाही, काही झालं नाही, आणि मग एका थेंबाला ते लाल पाणी निळं झालं, मोरपिसासारखं. किती औषध लागलं त्यावरून पाणी किती जड ते कळतं, असं त्या बाईंनी सांगितलं. वच्छलाबाई वाकून त्या निळ्याकडे बघत राहिली. जे तिच्या दोन बोटांना चिमटीत कळत होतं, तेच काचेच्या नळीला वेगळ्या रस्त्यानं कळत होतं. दोघांची एकमेकांशी ओळखही नव्हती.

आठ दिवसांनी अहवाल आला. त्याच दिवशी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक होती, आणि समितीचे अध्यक्ष भागवतरावच. चाळिशीचे, बोलायला फटकळ. ते तक्रार घेऊनच आले होते.

"मॅडम, पोट्टे घरी येऊन सांगते, डाय शिजवली. शाया हाय का खानावय? पाढे कुठं गेले? परीक्षा कोन देईन?"

मॅडमनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमची काळजी बरोबर आहे. पोरंच दाखवतील ती काय शिकली."

धम्मदीपा उभी राहिली. मिनिटांचे तक्ते, डाळीचं वजन, सगळं वाचून दाखवलं. मग अहवाल उघडला आणि वाचता वाचता अडखळली. अहवालात हातपंपाचं पाणी सगळ्यात हलकं होतं आणि भागवतरावांच्या विहिरीचं सगळ्यात जड. बाकी चार जिथल्या तिथं.

"म्हंजे सहा दिवस बाईच्या बोटानं खोटंच सांगितलं का?" एका पालकानं म्हटलं, आणि लोक हसले.

भागवतराव हसले नाहीत. "कागद चुकला," ते तडकले. "माह्या विहिरीचं पानी गोड हाय. आज्यापासून पेतो आमी."

"भागवतभाऊ खरं बोलून राह्यले," मागून आवाज आला. वच्छलाबाई दारात उभी होती. "कागदाचं काय झालं ते मले नाही समजत. पन माहं बोट नाही चुकलं."

ती स्वतःच्या आवाजानं दचकली. आयुष्यात भरल्या बैठकीत ती एक शब्द बोलली नव्हती. भागवतरावांनी वळून तिच्याकडे पाहिलं. सबंध बैठकीत त्यांची बाजू घेणारं माणूस एकच निघालं होतं.

"कागद म्हणतो एक, बोट म्हणतं एक," मॅडम म्हणाल्या. "कसं ठरवायचं?"

पोरांकडे उत्तर तयार होतं. साबणाचं पाणी. दोन्ही पाणी वर्गातच भरून ठेवलेली होती. सारख्या बाटल्या, दोन्हींत सारख्याच मापाचं पाणी, साबणाचे दहा दहा थेंब, आणि सारखंच हलवायचं. दोन पोरींनी सगळ्यांसमोर बाटल्या हलवल्या. हातपंपाच्या बाटलीत पाणी दुधाळ होऊन वर नुसता चिकट तवंग आला. भागवतरावांच्या विहिरीच्या बाटलीत फेस चढत चढत बुचाला लागला.

तेवढ्यात सपना उभी राहिली. खालमानेनं.

"मॅडम, जीपमंदी बाटल्या ओल्या झाल्या होत्या. दोन चिठ्ठ्या निघाल्या. म्या अंदाजानं चिटकवल्या."

वच्छलाबाईचे खांदे आपोआप आवळले. तिसरीत असताना तिच्याकडून पाटीवर एक बेरीज चुकली होती. थंडीचे दिवस होते. गुरुजींनी बोटांच्या पेरांवर पट्टी मारली होती, एका चुकीला पाच. दुसऱ्या दिवशी मायनं कापसाच्या वेचणीला नेलं तेव्हा ती सुटल्यासारखी गेली, आणि परत शाळेत आलीच नाही. आता सपनाचं काय होणार, या धास्तीनं ती दोन पावलं पुढं सरकलीसुद्धा.

मॅडम सपनाजवळ गेल्या. "हे इतक्या लोकांसमोर सांगायला धीर लागतो," त्या म्हणाल्या. "तू सांगितलं नसतं तर आपण सगळे चुकीचं खरं मानून बसलो असतो." मग त्या वर्गाकडे वळल्या. "आता पुढच्या वेळी असं होऊ नये म्हणून काय करता येईल?"

एवढंच. पट्टी नाही, ओरडणं नाही. सपनानं डोळे पुसले आणि पहिली सूचना तिनंच केली, बाटलीवर खडूनं लिहायचं. खडू पुसला जातो, कुणी म्हणालं. मग वच्छलाबाई म्हणाली, "बाटलीच्या गयाले दोरा बांधा ना. एक गाठ, दोन गाठी, तीन गाठी. ओला झाला तरी गाठ राह्यते." मॅडमनी फळ्यावर लिहिलं: गाठी.

भागवतरावांनी फेसाची बाटली उचलून पाहिली. उठताना इतकंच म्हणाले, "पाढेही घेत जा मॅडम." आवाजातली धार गेली होती.

"घेते," मॅडम म्हणाल्या. "सहा पाण्यांची सरासरी काढायला पाढेच लागले त्यांना."

गाठी मारलेल्या बाटल्या पुन्हा वाशीमला गेल्या. या वेळी अहवाल आला तेव्हा सहाच्या सहा पाण्यांचा क्रम तोच होता, जो वच्छलाबाईच्या चिमटीनं लावला होता. मॅडमनी दोन्ही याद्या शेजारी शेजारी भिंतीवर लावल्या. एका यादीवर प्रयोगशाळेचं नाव होतं, दुसरीवर तिचं. रिकाम्या वर्गात ती त्या भिंतीपुढं एकटी उभी राहिली आणि बोट ठेवत ठेवत वाचलं. व, च्छ, ला. जोडाक्षराशी थोडी अडली. मग खालची ओळ वाचली, त्याखालची वाचली. सहाही वाचून होईपर्यंत खिचडी खाली लागायला आली होती.

फळ्याच्या कोपऱ्यातला निकिताचा प्रश्न तीन शनिवार तसाच होता; दर सभेत तो निघायचा, पण घरून कुणी उत्तर आणलं नव्हतं. चौथ्या शनिवारी भागवतराव स्वतः शाळेत आले. पोरांच्या गोलात खाली बसले, हात वर केला. मॅडमनी बोला म्हटल्यावर म्हणाले, "निकितानं घरी विचारलं. माह्या आज्यानं जे केलं ते बराबर नोतं. काहून केलं, त्याचं उत्तर माह्यापाशी नाही." मग ते मॅडमकडे वळले. "खिचडीची डाय आता माह्या विहिरीच्या पान्यात शिजवा. तुराट्या वाचतीन. पाइप मी टाकून देतो. पाइप येईपर्यंत वच्छलाबाईनं येऊन पानी न्यावं."

सोमवारी सकाळी वच्छलाबाई गुंड घेऊन वरच्या अंगाला गेली. सोबत मॅडम आणि निम्मा वर्ग. विहीर जुनी, दगडी बांधणीची, काठाला दोरानं घासून पडलेल्या खाचा. पंप होता, बटण दाबलं की पाणी येत होतं. पण तिनं दोर मागितला. बादली सोडली, खाली पाण्याचा आवाज झाला, आणि तिनं हाताहातानं ओढून घेतली. ओंजळभर पाणी घेतलं. पोरं तिच्या तोंडाकडे बघत होती. ती घोट घोट प्यायली. मायचं तोंड डोळ्यांपुढं आलं होतं.

मग ती आत वाकून पाहू लागली. खाली, काळ्या दगडात, पाण्याचा एक झरा बारीक चकाकत होता.

"मॅडम," ती म्हणाली, "साऱ्या विहिरी एकाच गावच्या. जमीन एकच, पाऊस एकच. मंग हिचंच पानी हलकं काहून?"

बोलून झाल्यावर तिला कळलं की तिनं प्रश्न विचारला. मॅडमनी लगेच वही काढली आणि लिहिलं, आणि प्रश्नापुढं तिचं नाव लिहिलं.

त्या प्रश्नामागं पोरं पंधरा दिवस हिंडली. सत्तरी ओलांडलेले मारोतराव, ज्यांनी तरुणपणी आसपासच्या गावांत विहिरी खोदल्या, त्यांना वर्गात बोलावलं. त्यांनी जमिनीवर काठीनं थर काढून दाखवले: वर काळी माती, मग मुरूम, मग फुटका दगड, मग अखंड काळा. भागवतची विहीर पाझर तलावाच्या अगदी खाली आहे, म्हणाले, तिच्यात दरसाल नवं पाणी मुरतं. हातपंपाचं पाणी खोल दगडात वर्षानुवर्षं बसून राहतं आणि दगडाचा गुण घेतं.

वच्छलाबाई सतरंजीवर बसून ऐकत होती. जमिनीच्या पोटात इतकं चाललेलं असतं आणि आपण रोज त्यावरून चालतो, या विचारानं ती हरखून गेली होती. मारोतराव थांबले तसा तिनं हात वर केला.

"दादा, मंग पहिल्या पावसाचं पानी कितव्या दिवशी विहिरीत उतरते?"

मारोतरावांनी काठी थांबवली, डोकं खाजवलं. "ते कधी मोजलं नाही बुवा," ते म्हणाले.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. सपनानं वहीचं नवं पान उघडलं आणि तारखेसाठी जागा सोडली. वच्छलाबाईनं खिचडीच्या शेगडीकडे एकदा नजर टाकली, जाळ बारीक होता, आणि ती आणखी थोडी पुढं सरकून बसली.